चार बोटं हिमरू

आमच्या दुकानाला दोन तोंडं आहेत. पुढचं गुलमंडीकडं उघडतं. तिथं काचेमागं पुतळे उभे असतात आणि आमचे हे तयार कपडे विकतात. मागचं तोंड बोळात उघडतं. तिथं खिडकीच्या उजेडात चटई टाकून मी बसते आणि लोकांचे जुने कपडे रफू करते. पुढच्या पुतळ्यांना डोकी नाहीत, तरी दर महिन्याला नवे कपडे मिळतात. मला डोकं आहे असा माझा समज आहे, आणि माझ्या अंगावरची साडी माझ्या आत्याची आहे. कुणी ओळखीचं भेटलं की हे सांगतात, "हिला आम्ही पुढच्या दारानं सोडत नाही. गिऱ्हाईक बिथरतं."

अंकासाठी काहीतरी लिहा, हल्ली तरुण पोरापोरींना जुन्या कपड्यांचं वेड लागलंय त्यावर लिहा, असा निरोप आला तेव्हाही हे म्हणाले, "लिही, लिही. तुझं वाचून सगळे आज्याचे सदरे घालायला लागले की मी पुतळ्यांना घेऊन हिमायतबागेत जाऊन बसतो."

वेड लागलंय हे खरं आहे. कॉलेजच्या मुली येतात, आजीच्या ट्रंकेतली साडी घेऊन, आईचं पोलकं घेऊन. "काकू, याचं मटेरियल बघा ना, असं आता मिळतच नाही." मला बरं वाटतं. पण त्याच वेळी या मुली जरा आधी आल्या असत्या तर, असंही वाटतं. आधी म्हणजे कधी, ते सांगण्यासाठी अप्पांची गोष्ट सांगावी लागेल. ती मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की माझी मुलगी म्हणते, "आई, तू सुरू कर, मी भाजी निवडून येते. तोवर तू लग्नापर्यंत पोचशील."

तर तिची भाजी होईपर्यंत आधी धंद्याचं सांगते.

रफू म्हणजे भोक बुजवणं नव्हे. बुजवायला ठिगळही चालतं. रफू म्हणजे भोक होतं हे कापडानं विसरावं असं करणं. लग्न होऊन मी या बोळात आले तेव्हा मला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं, आणि सासर टेलरचं. समोर आमिनाखाला राहायच्या. त्यांच्या घरात पूर्वी हिमरूचे माग होते. हिमरू म्हणजे आमच्या गावचं खास कापड. उभं सूत, आडवं रेशीम, वर बारीक वेलबुट्टी. माग बंद पडले, बायकांकडं रफूचं काम उरलं. मी चाळणी मागायला गेले आणि त्यांच्या सुईकडं बघत बसले. चाळणी घरी न्यायची राहिली आणि त्या दिवशी सासूबाईंनी पीठ न चाळता भाकरी केल्या.

शिकल्यावर पहिलं काम मी मोठ्या हौसेनं ह्यांच्या पँटवर केलं. बाजारातून अगदी त्याच रंगाचा दोरा आणला. खालांना दाखवलं. त्यांनी पँट उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ये क्या की बेटी? पतलून है की जिल्हे का नक्शा?"

"रंग तर तोच आहे खाला."

"रंग एकीच है, उमर एक नै. बजार का धागा कल पैदा हुआ. अंदर खोल, उसीच का धागा निकाल, उसीच में भर."

अंदर म्हणजे शिवणीच्या आत. जुने टेलर कापड बेतताना शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवायचे. आम्ही त्याला माया म्हणतो. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा मोठा होतो. आणि भोक पडलं की त्याच मायेतून एकेक धागा ओढून काढायचा आणि भोकावर कापड पुन्हा विणायचं, एक धागा वरून, एक खालून, गाठ न मारता. आत राहिलेला धागा बाहेरच्यापेक्षा जरा उजळ असतो. ऊन लागलेलं नसतं ना. मग त्याला गच्चीवर काही दिवस उन्हात ठेवून जरा म्हातारं करून घ्यायचं. शेजारणी विचारायच्या, "काय गं, कुरडया घातल्यास का?" मी म्हणायचे, "धागे वाळवतेय." त्या ह्यांच्याकडं कीव येऊन बघायच्या.

तयार कपड्याला माया नसते. कारखान्यात कापड वाचवतात, शिवणीच्या आत नख काढल्यासारखी कड असते. एकदा एक साहेब नवाकोरा, महागाचा कोट घेऊन आले. सिगारेटनं भोक पडलेलं. मी आतून उघडून बघितलं आणि म्हटलं, "साहेब, धागा घ्यायला कापडच नाही. खिसा कापू का?" ते म्हणाले, "मग पाकीट कुठं ठेवू?" पुढच्या दारातून हे ओरडले, "आमच्याकडं नवा कोट आहे, त्याला तीन खिसे आहेत!" आमचा संसार असाच चाललाय. माझ्याकडून निराश झालेलं गिऱ्हाईक यांच्याकडं जातं.

नवं सोडून जुनंच विकत मागणारं गिऱ्हाईक एकदाच आलं. वेरूळ बघायला आलेली एक गोरी बाई बोळात शिरली आणि भिंतीवर वाळत टाकलेल्या आमच्या वाकळीपुढं उभी राहिली. सासूबाईंच्या हातची, जुन्या लुगड्यांची वाकळ. बाई तिच्यावर हात फिरवी, वास घेई, पुन्हा हात फिरवी. सासूबाईंना वाटलं, ती वासाची तक्रार करतेय. माझ्या मुलानं रात्रीच ती ओली केली होती. त्या हात जोडून म्हणाल्या, "बाई, धुतलीय हो. लेकराचं कुठं मनावर घेता!" बाईला ती विकत हवी होती. सासूबाई दिवसभर म्हणत होत्या, "गोऱ्यांच्या देशात पांघरुणं नसतील का गं?" वाकळ काही दिली नाही. पण तेव्हापासून त्या ती घडी घालून वर ठेवायला लागल्या. परक्या माणसानं हात लावल्यावर आपल्या घरातलं आपल्याला दिसतं, हे आमच्याकडं जरा जास्तच आहे.

आता अप्पा.

अप्पा खुलताबादच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावचे. थोडी जमीन, दोन विहिरी. एका दुपारी नातवाचा हात धरून बोळातून आले. धोतर, पांढरी टोपी, काळा चष्मा. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. नातू अविनाश वाळूजला कंपनीत होता. दांडगा, तालमीतला गडी. दारातून आत येताना आडवा झाला.

"रफूवाली बाई तुमीच का?" अप्पांनी विचारलं.

"हो, मीच."

"हात आना बगू."

मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या बोटांची टोकं अंगठ्यानं चाचपली. "हाय. सुई टोचल्याली हाय. बस रं अवी, घर बराबर हाय."

अवीनं पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेली शेरवानी काढली. मी ती मांडीवर पसरली. वांगी रंगाचं हिमरू. बारीक बदामी बुट्टी. कापड इतकं मऊ की हातातून निसटत होतं, आणि तरी अंगानं भरलेलं. असं हिमरू खालांच्या घरातही मी तुकड्यातच पाहिलं होतं. खाला तोवर गेल्या होत्या. त्यांना हे दाखवता येणार नाही, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार.

अप्पांचे वडील निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत होते. तेव्हा सरकारी माणूस म्हटला की हिंदू असो, मुसलमान असो, अंगात शेरवानी. अप्पांच्या लग्नासाठी त्यांनी शहरात कापड विणून घेतलं, शहागंजच्या टेलरकडून शिवून घेतलं. अप्पा ती लग्नात आणि नंतर सणावाराला घालायचे. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं.

"समदी धोतरावर आली बगा," अप्पा सांगत होते. "शेरवानी घालून बाजारात गेलं तर कोन कोनाला काय समजंल, भरवसा नव्हता. आईनं ज्वारीच्या कणगीत तळाला घातली. लई वर्सं तशीच. काढली तवा छातीवर भोकं."

भोकं मी पाहिली होती. डाव्या छातीवर, मसुराच्या डाळीएवढी, गोळा होऊन बसलेली. कसर लागली होती.

"आता या पोराचं लगीन हाय," अप्पा म्हणाले. "मला दिसत नाय. पर हात लावून कळतं. बोहल्यावर जायच्या आदी यानं ही घालून माज्या म्होरं बसावं, आन म्या हात फिरवावा. बास. दुसरं कायबी नगं."

मी अवीकडं बघितलं. हल्लीची पोरं आजोबांचं ऐकतात का, असा माझा चेहरा झाला असणार. तो हसला. "काकू, मलाबी आवडलीय. कंपनीतल्या समद्यांच्या लग्नात तीच शेरवानी बघितली, नुसता रंग बदलून. असली कुनाकडंच नाय."

मी त्याला घालून दाखव म्हटलं. त्यानं बाह्या कशाबशा चढवल्या. पुढची दोन टोकं काही भेटेनात. मध्ये चार बोटांचं अंतर. पुढच्या दारातून हे डोकावून बघत होते. म्हणाले, "मधून गटार गेल्यासारखं दिसतंय."

मी शिवणी आतून उघडून बघितल्या. शहागंजच्या त्या टेलरला दंडवत घालावा अशी माया होती. बाजूच्या दोन्ही शिवणींची सोडली तर बरोबर चार बोटं निघत होती. मी मोठ्यानं म्हटलं, "निघतंय!" आणि लगेच उघडलेली शिवण परत मिटली. कारण भोकांवर घालायचे धागे त्याच मायेतून काढायला लागणार होते. खालची दुमड आधीच कुणीतरी कापून नेलेली. गळपट्टीच्या आत काही नव्हतं. छातीवरची एवढी भोकं भरायची तर माया कापावीच लागणार. आणि माया कापली तर शेरवानी वाढणार नाही.

मी दोघांना तसं सांगितलं. एक तर भोकं ठेवून मोठी करते. नाही तर भोकं भरून देते, पण मग आहे त्या मापात बसायला लागेल.

अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "फाटकं कापड नवरदेवाच्या अंगावर घालत नाईत. आमच्याकडं चालत नाय."

"मग लहान तरी कशी घालायची अप्पा?" अवी म्हणाला.

"मंग ऱ्हाऊ दे. ठिवून देऊ."

ते इतक्या सहज म्हणाले की अवीला ते सहन झालं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुमी रफू करा. मी बारीक होतो."

"तू?" पुढून ह्यांचा आवाज आला.

"व्हय, मी. लगीन उन्हाळ्यात हाय. तालीम बंद, भात बंद, गोड बंद. हर्सूलच्या तळ्याभोवती पळतो रोज सकाळी."

"माया कापली की परत जोडता येत नाही, अवी," मी म्हटलं. "नंतर मला म्हणू नको."

"कापा तुमी."

अप्पांनी नातवाच्या पाठीवर एक चापट मारली. मी भोकं भरल्यावर हात लावून बघायला बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "नगं. आता नवरदेवाच्या अंगावरच बगीन."

ते काम मी जन्मात केलं नाही असं केलं. रेशमाचे धागे वेगळे, सुताचे वेगळे. गच्चीवर ऊन दाखवत होते, मधूनच एखादा बुट्टीवर धरून बघत होते, अजून तरणा आहे म्हणून परत उन्हात टाकत होते. छातीवरची एक बदामी बुट्टी तर पार अर्धी गेली होती. ती मी नव्यानं विणली. डोळ्यांतून पाणी यायचं, ते प्रेमाचं नव्हे, चष्म्याचा नंबर वाढला होता. पुरं झालं तेव्हा मी शेरवानी उजेडात आडवी धरली, तिरपी धरली, उलटी केली, आणि माझं मलाच भोक कुठं होतं ते सांगता येईना. ह्यांना हाक मारली. ते आले, चष्मा लावला, चष्मा काढला. म्हणाले, "तू हिला हातच लावला नाहीस."

यापेक्षा मोठी शाबासकी त्यांना देता येत नाही.

अवी अधूनमधून डोकावून जायचा. गाल बसले होते, पट्ट्याला नवी भोकं पडली होती. हे त्याला दारातच विचारायचे, "काय पैलवान, आज काय खाल्लं?" तो म्हणायचा, "काकडी." "आणि?" "दुसरी काकडी." मला त्याची दया यायची आणि अभिमानही वाटायचा. लग्नाच्या आठवड्यात तो रावसाहेबांबरोबर, म्हणजे त्याच्या वडलांबरोबर आला. रावसाहेबांना हे सगळं पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. ते पुढच्या दारानं आले होते, मागच्या नाही, यावरूनच मला ते कळलं.

अवीनं शेरवानी घातली. खांद्यावर बसली, पाठीवर बसली. पोट पार गेलं होतं. त्यानं बटणाकडं हात नेला. टोकं भेटली नाहीत. दोन बोटं राहिली.

मी मागं जाऊन बघितलं, बाजूनं बघितलं. पोट गेलं होतं, पण तालमीत कमावलेली छाती कुठं जाणार? हाडं काकडीनं कमी होत नाहीत. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. टेलरच्या घरात इतकी वर्षं काढली, आणि मी पोटाचा हिशोब केला, छातीचा केलाच नाही. अवीच्याही ध्यानात आलं नाही, आमच्या ह्यांच्याही नाही. सगळ्यांनीच पोटाकडं बघितलं.

"ओढून लावतो," अवी म्हणाला. "एक वेळ श्वास नाय घेतला तर काय व्हतंय."

"लावू नको," मी म्हटलं. "ओढलंस तर रफू उसवेल. कापड जुनं आहे, तिथंच फाटेल."

माझंच काम, आणि मीच त्याला हात लावू देईना. रफू नसतं केलं तर आज भोकं असलेली का होईना, त्याच्या अंगात ती बटणं लावून बसली असती. हा विचार तेव्हा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

"मी आदीच म्हनलं व्हतं," रावसाहेब म्हणाले. "जुनं ते जुनं. निजामाच्या वेळची शेरवानी घालून मिरवायचं म्हंजी..."

"नवीसुद्धा शेरवानीच घेणार ना तुम्ही?" मी म्हटलं.

"ती येगळी."

"का?"

"ती नवी," रावसाहेब म्हणाले.

मग रावसाहेब पुढं गेले, काचेतल्या पुतळ्याकडं. त्याच्या अंगात तयार शेरवानी होती. वांग्यासारखाच रंग, वर मशीनची बदामी बुट्टी. हिमरूची नक्कल. त्या सालात अशा फार खपत होत्या. "हीच द्या," ते म्हणाले. "एकदम तसलीच दिसतीय."

"अप्पांना कळंल," अवी म्हणाला.

"अप्पांना दिसतंय कुठं?"

"हातानं कळतं त्यांना."

"आरं, म्हातारं मानूस. गर्दी असल, बँड वाजत असल. जरा हात फिरवला की झालं. त्यांचंबी समाधान, आपलंबी काम." मग रावसाहेब माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज खाली आला. "बाई, त्यांना सांगायचं का, की शेरवानी बसली नाय? पोरानं काकड्या खाल्ल्या, तुमी डोळे फोडून घेतले, आन बसली नाय, असं सांगायचं? त्यांच्यात ते ऐकायची ताकद हाय का आता?"

मला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा कळला. तो जुन्याला नावं ठेवत होता, पण बापाला सांभाळत होता. मी शेरवानीची घडी घालायला घेतली. हे पुढं पुतळ्याची बटणं काढत होते. एरवी विक्री झाली की शीळ घालतात. त्या दिवशी घातली नाही.

लग्न पडेगावच्या रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात होतं. आम्ही दोघं गेलो. अवीनं मला आग्रह केला होता, खरी शेरवानीही आणायला सांगितली होती, का ते त्यालाही माहीत नसावं. मी ती धोतरात गुंडाळून नवरदेवाच्या खोलीत कपाटावर ठेवली.

अप्पा खोलीत खुर्चीवर बसले होते. नवं धोतर, नवी टोपी. बाहेर बँड, आत बायका, पोरं, अत्तराचा वास. अवी आला आणि त्यांच्या पुढ्यात खाली बसला. खोलीतला आवाज एकदम कमी झाला. रावसाहेब दाराशी उभे होते, हात मागं बांधून.

"घातली का?" अप्पांनी विचारलं.

"व्हय अप्पा."

अप्पांनी हात पुढं केले. आधी खांदे. मग बाह्या. मग दोन्ही तळवे छातीवर. डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला. अंगठा आणि एक बोट यांच्यात त्यांनी कापड धरलं आणि हळूच चोळलं. तयार शेरवानीचं ते कापड करकरीत होतं, चोळलं की बारीक आवाज येत होता. तो आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. अप्पांचं बोट तसंच थोडा वेळ थांबलं.

मग ते मोठ्यानं म्हणाले, "वा! काय हात हाय बाईचा! भोक कुठं व्हतं, सापडंना!"

सगळी खोली हसली. रावसाहेबांनी मागं बांधलेले हात सोडले. कुणीतरी म्हणालं, "बाई कुठंय? बाईला पुढं करा!" मला पुढं ढकललं. ज्या कापडाला कधी भोक पडलंच नव्हतं, त्यावरच्या रफूची शाबासकी मी उभी राहून घेतली. हे माझ्या मागं उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात तसं चारचौघांत कुणी ठेवत नाही.

अवीला बाहेर नेलं, घोड्यावर बसवलं, खोली रिकामी झाली. अप्पांना मांडवात न्यायला कुणीतरी येणार होतं, तोवर मी थांबले. बँड दूर गेला तसे अप्पा म्हणाले, "बाई हायसा का?"

"आहे."

"खरी कुठं हाय?"

मी कपाटाकडं बघितलं. "इथंच आहे अप्पा. कपाटावर. आणू का? हात लावून बघा ना. भोकं भरलीत मी."

ते हात पुढं करतील असं वाटलं. हात मांडीवरून उचललाही. मग परत ठेवला.

"नगं. आता हात लावला तर माजं तोंड बदलंल. मंग समद्यांना कळंल." मग विचारलं, "कशी झालीय?"

"माझं मला सापडत नाही, अप्पा."

"बरं झालं." मग हलक्या आवाजात, "रावसाबाला सांगू नका मला कळलं म्हून. पोरालाबी नगं. लई पळालं ते माज्यापायी."

तेवढ्यात कुणीतरी आलं आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेलं. ते मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. अक्षता त्यांनी अगदी वेळेवर टाकल्या, एकही पंगतीकडं गेली नाही.

जेवणं चालू असताना अवी नवरीला सोडून माझ्याकडं आला. नव्या कॉलरनं त्याची मान लाल झाली होती. म्हणाला, "काकू, तुमी थांबला होता ना त्यांच्याजवळ? अप्पांना कळलं का हो?"

"नाही रे," मी म्हटलं. "काही कळलं नाही."

तो "बरं झालं" म्हणाला. पण चेहरा उतरला. इतका उतरला की मी बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. त्याला खोटं उघडकीला यायला नको होतं. पण अप्पांच्या हाताला फरक कळलाच नाही, हेही त्याला नको होतं. तो तसाच कॉलर ओढत उभा राहिला आणि मग कुणीतरी फोटोला हाक मारली.

त्या दिवाळीच्या आधी अप्पा गेले. मधल्या काळात त्यांनी ती शेरवानी कधी हातात घेतली का, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ती अवीच्याच घरी आहे. हर्सूललाच राहतो तो आता. दर उन्हाळ्यात त्याची बायको मला फोन करून विचारते, "काकू, उन्हात घालू की सावलीत?" मी सावलीत सांगते.

हल्ली माझ्याकडं येणाऱ्या मुलींची मी आधी छाती मोजून घेते, मग शिवण उघडते. त्या हसतात. पुढच्या दुकानातला तो पुतळा अजून आहे. दर महिन्याला नवा कपडा चढतो, आणि हे मला दाखवायला मुद्दाम बोलावतात. आता शीळ घालतात.

अप्पांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं, ते मी आजवर पाळलं. घरात गोष्ट सांगतानाही मी ती नेहमी बाहेर निघालेल्या बँडपाशी संपवते, मुलीला त्याच्या पुढचं माहीत नाही. रावसाहेबही आता नाहीत. हा अंक अवीच्या हातात पडेल की नाही, सांगता येत नाही. पडला तर त्यानं वाचावं. अवी, अप्पांना कळलं होतं. हात लावल्या लावल्या.